भीमगड अभयारण्यातील वन्यजीव निरीक्षण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात पायी फिरून वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, धनेश, वटवाघूळ यांच्या वावराची नोंद ठेवण्याचे काम. वनखात्याचे गार्ड आणि त्यांच्यासोबतचे वॉचर ते करतात. वॉचर बहुधा जंगलाकाठच्या गावांतले. घरी आणि वाटेवर मराठी बोलणारे, दप्तर मात्र कन्नडमध्ये.

सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य. आज हेमडग्याकडे दिसलेला वाघ काही दिवसांनी गोव्याच्या हद्दीत असू शकतो, म्हणून शेजारच्या जंगलांतले फोटो एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या दोन कुशींवरचेही सारखे नसतात. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत हीच पद्धत वापरतात. पूर्वी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. ती पद्धत बेभरवशाची ठरल्याने मागे पडली.

कॅमेरा कुठे बांधायचा हे मात्र माणूसच ठरवतो. पाणवठ्याकडे उतरणारी वाट, झाडावरचे ओरखडे, विष्ठेतले केस, माकडांची धोक्याची हाक यांवरून जनावराचा माग काढावा लागतो. ठरलेल्या वाटेवर काहीच आढळले नाही, तर ‘काही नाही’ हेही लिहावे लागते. या कामातला खरा प्रामाणिकपणा इथे कसाला लागतो. रिकाम्या फेऱ्या गाळल्या, तर जनावरे आहेत त्याहून अधिक भासतात आणि घट वेळीच लक्षात येत नाही. पावसाळ्यात कणकुंबी, आमगावच्या पट्ट्यात ओढे फुगून वाटा तुटतात, जळवा पाय सोडत नाहीत. गस्त तरीही थांबत नाही.

भीमगडचे सर्वांत मोलाचे जनावर मुठीत मावेल एवढे आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. शास्त्राला त्याची ओळख १९१३ मध्ये झाली आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी फार नंतरच्या. त्याची शिरगणती करायची तर सायंकाळी गुहेच्या तोंडाशी, अंतर राखून. आत बॅटरी घेऊन शिरणे आणि गोंगाट करणे त्याच्या वस्तीला घातकच.

गाभ्यातल्या गावांचे पुनर्वसन तळेवाडीपासून सुरू झाले आहे. गवळी, कृष्णापूर, पास्टोली या गावांतल्या माणसांना कोणत्या झाडाच्या ढोलीत धनेश बसतो, गवे कुठल्या खिंडीतून उतरतात हे तोंडपाठ असते. ती माणसे बाहेर पडण्याआधी हे सारे नकाशावर उतरवून घ्यायला हवे, आणि निरीक्षणाच्या कामावर पहिला हक्क त्यांचाच असायला हवा.