बंदुकीचं वय कायदा का विचारत नाही?

लंडनच्या एखाद्या लिलावात दीडशे वर्षांपूर्वीची ठासणीची (दारू-गोळी नळीच्या तोंडातून भरायची) बंदूक घ्यायची आणि ती बेळगावच्या घरी आणायची, असं आपल्याकडच्या एखाद्या हौशी संग्राहकानं ठरवलं, तर त्याची पहिली गफलत वयाच्या बाबतीत होते. इतकी जुनी वस्तू म्हणजे पुरातन आणि पुरातन म्हणजे सूट, असं तो धरून चालतो. परदेशात पुष्कळ ठिकाणी हे खरंही आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत घडवलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि वयाचा पुरावा कस्टम्सला पटला की वेगळा आयात परवाना लागत नाही. कॅनडानं रेषा १८९८ च्या आधी आखली आहे. ब्रिटननं २०२१ च्या नियमांत १ सप्टेंबर १९३९ ही तारीख धरली आणि बार कसा उडतो, काडतूस कुठलं लागतं याच्या अटी सोबत घातल्या. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या करारातही १८९९ नंतरची बंदूक पुरातन धरायची नाही असं म्हटलं आहे. एकोणिसावं शतक संपता संपता बिनधुराची दारू आणि धातूची काडतुसं आली, बंदुकीची सगळी जातकुळीच बदलली. म्हणून बऱ्याच देशांनी तिथं रेघ मारली.

भारताच्या मूळ शस्त्र कायद्यानं अशी तारीख धरलीच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम सूट देतं, पण कुणाला? जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्राला, आणि तेही दुरुस्ती करून किंवा न करता कशानंही बार उडू शकत नसेल तरच. बंदूक दोनशे वर्षांची असो, नळी शाबूत असेल, चाप ओढल्यावर घोडा पडत असेल, रंजकेचं (ठिणगी दारूपर्यंत नेणारं) छिद्र मोकळं असेल, तर कायद्याच्या लेखी ती बंदूकच. मूळ कायद्यानुसार बाळगायला परवाना, आणायलाही परवाना. २०२० च्या नियम-दुरुस्तीनं ‘क्युरिओ’ (संग्राह्य) वर्गातलं शस्त्र भारतीय नागरिकानं नुसतं बाळगायला सूट दिली, पण वापरायला आणि ने-आण करायला परवाना लागतोच. वयाऐवजी बार उडण्याच्या क्षमतेवर कायद्याची नजर का, याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. ते याच मुलखात आहे.

१८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकारनं त्याच वर्षी शस्त्रं नोंदवण्याचा आणि काढून घेण्याचा कायदा केला. दक्षिणेत त्याची पहिली मोठी ठिणगी पडली हलगलीला. हे गाव तेव्हा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात होतं, आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या बेडरांनी हत्यारं द्यायला साफ नकार दिला. शिकार आणि शिपाईगिरी हीच त्यांची रोजीरोटी, त्यामुळे बंदूक दिली म्हणजे पोट दिलं असाच त्याचा अर्थ होता. नोव्हेंबर १८५७ अखेर फौज गावावर चालून गेली, घरं जाळली आणि डिसेंबरात १९ जणांना फाशी दिलं. या लढ्याच्या कानडी लावण्या उत्तर कर्नाटकात अजून गायल्या जातात. मराठी वाचकांपर्यंत मात्र हलगली फारशी पोचली नाही, आणि ही उणीव मला खरोखर सलते.

पुढच्याच वर्षी नरगुंद पेटलं. तिथले संस्थानिक बाबासाहेब भावे यांना दत्तक घ्यायची परवानगी नाकारली होती आणि तोफा-दारूगोळा हवाली करण्याचा तगादा चालू होता. मे १८५८ च्या अखेरीस पोलिटिकल एजंट मॅन्सन रामदुर्गजवळ सुरेबानला मुक्कामाला असताना बाबासाहेबांच्या माणसांनी त्याला ठार केलं. नरगुंद पडलं आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिलं. त्याआधी १८२४ मध्ये कित्तूरच्या वेढ्यात कलेक्टर थॅकरे गोळी लागून मेला होता, आणि कित्तूरचाच लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फासावर चढवलं होतं. या पट्ट्यातल्या प्रत्येक बंदुकीकडे सरकार कुठल्या नजरेनं बघत असेल हे वेगळं सांगायला नको.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्यानं ही नजर कायमची केली. शस्त्र बाळगणं, ने-आण करणं, समुद्रातून वा जमिनीवरून देशात आणणं, सगळ्याला परवाना, आणि युरोपियनांना मात्र सूट. राष्ट्रसभेनं (काँग्रेसनं) त्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, वंशभेद गेला, पण परवान्याचा सांगाडा तोच राहिला. राज्यकर्ते बदलले तरी ‘ही कुणावर चालू शकते का’ हाच प्रश्न बंदुकीला विचारला जात राहिला.

आंतरराष्ट्रीय सीमा ही बेळगावकरांना परकी गोष्ट नव्हती, हेही इथं सांगितलं पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती चोर्ल्याच्या घाटाखाली होती. कणकुंबीहून उतरलं की सत्तरी, म्हणजे पोर्तुगालचं राज्य. रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा इकडे कॅसलरॉक आणि तिकडे कुळे अशी दोन ठाणी झाली. ब्रिटिश-पोर्तुगीज जकात करार १८८० पासून १८९२ पर्यंत चालला, तो संपला आणि सामानाची तपासणी पुन्हा सुरू झाली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या (किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या) बंडात सावंतवाडीकडचे बंडखोर गोव्यात आश्रयाला गेले होते, आणि सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं १८५२ मध्ये आणि पुन्हा १८९५ मध्ये झाली. घाटाच्या दोन्ही अंगांना सोयरीक, दोन्ही अंगांना जंगल आणि दोन सरकारं.

गोव्याच्या बंदुकांचं महत्त्व तर त्याहून जुनं. सोळाव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली तोड्याची (पेटत्या वातीनं उडणारी) बंदूक हिंदी आणि युरोपी कसबाच्या मेळातून आली होती, आणि त्याच जातीच्या कळीच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) बंदुका पोर्तुगीजांबरोबर १५४३ च्या सुमाराला जपानपर्यंत पोचल्या. आज अशी एखादी बंदूक परदेशी संग्रहातून परत आणायची म्हटली तर कोकण-बेळगावच्या अभ्यासकाला तिचं मोल काय वाटेल!

आता आयातीचं. कस्टम्सच्या दरपत्रकात शस्त्रांचं प्रकरण ९३ वं. पण शंभर वर्षांहून जुनी पुरातन वस्तू त्यातून निघून ९७०६ या शीर्षकाखाली जाते. इथं मात्र शंभरचा आकडा मानला जातो. म्हणजे एकाच बंदुकीला जकातीचं खातं तिचं वय विचारतं आणि शस्त्र कायदा तिची ताकद. पुरातन म्हणून वर्गवारी झाली तरी शस्त्र परवान्याची अट आपोआप उठत नाही, हे बऱ्याच जणांना माल बंदरात आल्यावर कळतं. प्रवासी सामानाच्या करमुक्त मर्यादेतही बंदूक बसत नाही. म्हणून वस्तू जहाजावर चढण्याआधीच कागद तयार हवेत: लिलावाची पावती, घडणीचा काळ सांगणारा तज्ज्ञाचा दाखला, आणि ती कायमची निकामी असेल तर तसा स्पष्ट अहवाल. निकामी नसेल तर दहाव्या कलमाखालचा आयात परवाना आधी, खरेदी नंतर.

वयाचा पुरावा बहुधा बंदुकीवरच असतो. कळीच्या पट्टीवर मुकुट, शेजारी ‘टॉवर’ अशी अक्षरं आणि काहींवर वर्ष, ही ब्रिटिश लष्करी बंदुकीची ठेवण. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर १८०८ पर्यंत हृदयाच्या आकारातली खूण असे, पुढे मुकुट धरून उभा राहिलेला सिंह आला. खैबरकडच्या नकलांत हीच अक्षरं उलटी किंवा चुकीची कोरलेली सापडतात. दस्ता घासून चकचकीत केलेला असेल तर घाईनं भुलू नये. खऱ्या जुन्या लाकडावर ठासायच्या गजाच्या खाचेपाशी आणि हाताच्या पकडीपाशी झीज वेगवेगळी दिसते.

बाहेर न्यायची वाट तर बंदच. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून आणलेली बंदूक इथं आली की ती परत लिलावाला जाईल असं समजून पैसे गुंतवू नयेत.

दुसरे देशही आता आपापल्या दारात अडवू लागले आहेत. टिपू सुलतानासाठी असद खान मुहम्मद या कारागिरानं १७९३-९४ मध्ये घडवलेली चकमकीची शिकारी बंदूक, जी पुढे गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसकडे गेली, तिच्या निर्यातीवर ब्रिटिश सरकारनं मे २०२३ मध्ये तात्पुरती बंदी घातली. किंमत २० लाख पौंड धरली होती. याच टिपूच्या फौजेनं १७८५ मध्ये नरगुंद घेतलं होतं, त्यामुळे ही बातमी इथं वाचताना तिला वेगळी धार येते. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावात घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. बंदुकीच्या बाबतीत असा पुढाकार घेण्यासारख्या वस्तू कमी नाहीत.

इथल्या घरांतल्या बंदुकांचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. खानापूर, जांबोटी, नेरसा भागात रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकांचे परवाने आहेत. परवान्यावर ‘एस.बी.एम.एल.’ (एकनळी, ठासणीची) असा शेरा असतो, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि खंडेनवमीला घरी असेल तर झेंडूची माळ घालून पूजली जाते. आजोबांच्या नावचा परवाना नातवाच्या नावावर करताना कागदांची दमछाक होते. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका ३ वरून २ केल्या, वारशाच्याही त्यातच धरल्या. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याला, आजोबांची बंदूक क्युरिओ म्हणून मान्य झाली नाही तर, ती सोडून द्यावी लागते किंवा नळीला भोक पाडून, कळ वेल्डिंगनं बंद करून ती अधिकृतरीत्या निकामी करावी लागते. इतिहास राखायचा तर तो आधी बिघडवायचा, ही अट मला मान्य नाही. कायद्यानं चालू काडतुसांच्या बंदुकीला कितीही कडक नियम लावावेत. पण १८९९ पूर्वीच्या, दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुकीसाठी नोंदणीवर आधारलेला वेगळा वर्ग केला, तर कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाडच्या घरांतल्या कितीतरी वस्तू भोक न पाडता टिकतील आणि परदेशातून येणाऱ्यांनाही कागदावर नीट दार मिळेल.