खोताच्या वहीपासून सोमवारच्या फायलीपर्यंत

माहिती अधिकाराची गोष्ट २००५ पासून सांगायची पद्धत आहे. कोकणात ती खोतापासून सांगावी लागते. गावचा सारा वसूल करणारा खोत, आणि वसुलीचा हिशेबही त्याच्याच घरी. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं शेती बंद ठेवली, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोतीविरोधी विधेयक मांडलं, १९४९ च्या कायद्याने खोती संपली. दप्तर मात्र खोताच्या माजघरातून तलाठ्याच्या आणि ग्रामसेवकाच्या कपाटात गेलं, एवढंच.

राज्याचा २००० चा माहिती कायदा अपवादांनी पोखरलेला होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे त्याच्या जागी नवा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस.

याचा उपयोग कसा होतो ते वाडीतल्या पाखाडीवर, म्हणजे बांधलेल्या पायवाटेवर बघा. मागायचे कागद चारच: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक. पुस्तिकेत ६० मीटर लांब, दीड मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड, म्हणजे ९ घनमीटर काँक्रीट. लांबी-रुंदीत सहसा कोणी हात मारत नाही, ती दिसते. चोरी जाडीत. कडेला टेप लावून जाडी सगळीकडे ६ सेंटिमीटर भरली, तर काम ५.४ घनमीटरचंच. मोजणी मृगाआधी उरकावी. नंतर कडा माती-शेवाळाखाली जातात.

अर्ज फसतात ते बहुधा शब्दांमुळे. ‘काम निकृष्ट का झालं?’ हा जाब झाला. त्याचं उत्तर फायलीत नसतं, म्हणून अर्ज निकाली. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. दुसरं ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या बेलापूरच्या कोकण खंडपीठाकडे, म्हणजे सावंतवाडीहून चारशेहून अधिक किलोमीटर.

हिशेब विचारायची दुसरी जागा ग्रामसभा. तिची अडचण वेगळीच. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. गावच्या यादीतले निम्मे चाकरमानी मुंबईत असले की तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग मोजक्या डोक्यांत खर्च मंजूर. त्यातल्या त्यात १ मेची सभा बरी, तेव्हा माणसं आंब्या-फणसाला गावी आलेली असतात.

२०१८ च्या अखेरीस राज्याने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल पाहायची मुभा दिली. आमच्या मते अर्जाआधी हेच करावं. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत लागतो. फायलीतले पान क्रमांक आधी टिपून आणले की तो चार ओळींत होतो, आणि ‘नेमकी माहिती नमूद नाही’ हे उत्तर देता येत नाही.