हिवाळ्यातील परसबाग

हिवाळ्यातील परसबाग : थंडीच्या काळात घरालगतच्या बागेची घेतली जाणारी निगा आणि पुढील हंगामासाठी त्याच काळात केली जाणारी आखणी. समशीतोष्ण प्रदेशांत या काळात दिवस लहान होतात, बहुतेक वनस्पतींची वाढ मंदावते आणि पानझडी झाडे सुप्तावस्थेत जातात. ही विश्रांती त्यांच्या जीवनक्रमाचाच भाग आहे. सफरचंदाच्या अनेक जातींच्या कळ्या सुमारे ७° से. खालील थंडी शेकडो तास मिळाल्याशिवाय नीट फुटत नाहीत, आणि थंडी अपुरी पडली तर लसणाचा गड्डा पाकळ्या न धरता एकसंध राहतो.

कोवळ्या रोपांना खरा धोका दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीची उष्णता वेगाने निघून जाते. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होऊन तो पेशींतील पाणी ओढून घेतो आणि पाने काळवंडतात. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते, म्हणून अशा रात्रीपूर्वी दिवसा वाफ्यांना पाणी देणे आणि सूर्यास्ताआधी जमिनीपर्यंत टेकेल असे कापड रोपांवर पसरणे हितकारक ठरते. एरवी मात्र पाणी कमीच द्यावे, कारण वाढ थांबलेली मुळे ते फारसे शोषत नाहीत आणि कुजतात. उलट, गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसताना सदाहरित झुडपांच्या पानांतून बाष्पीभवन चालूच राहते. त्यांचे करपणे पुष्कळदा तहानेमुळे असते, हे सहसा ध्यानात येत नाही. पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंमी. जाडीचे आच्छादन मातीचे तापमान स्थिर ठेवते. ते खोडाला मात्र भिडवू नये.

सफरचंद व नासपती यांची छाटणी सुप्तावस्थेत करतात, कारण पाने नसल्याने फांद्यांची रचना स्पष्ट दिसते. वसंतात फुलणाऱ्या झुडपांच्या कळ्या आदल्या वर्षीच धरलेल्या असतात, त्यामुळे ती आता छाटल्यास बहरच जातो.

आखणीसाठी याहून चांगला काळ नाही. कोणत्या वाफ्यात काय होते याचा नकाशा हाताशी असेल, तर टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा यांचे एक कुळ, कोबीवर्गीय भाज्यांचे दुसरे आणि शेंगावर्गीयांचे तिसरे, अशी विभागणी करून एकाच जागी तेच कुळ तीन-चार वर्षे परत येणार नाही अशी फेरपालट ठरवता येते. मातीतून पसरणारे रोग त्यामुळे रोखले जातात. मातीपरीक्षणही याच दिवसांत करून घ्यावे, कारण आम्लधर्मी मातीत मिसळलेल्या चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात.

पेरणीच्या तारखा शेवटच्या अपेक्षित दहिवरापासून उलट मोजतात. टोमॅटोचे बी त्याच्या ६ ते ८ आठवडे आधी घरात पेरले जाते. जुने बी वापरण्यापूर्वी त्यातील १० दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवावेत. निम्म्याहून कमी दाणे रुजले तर नवे बी आणावे. कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच निकामी होते, तर टोमॅटोचे बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे टिकते.