किलकारी आणि मोबाईल अकॅडमी: फोन कोण लावतं?

फोनवरून चालणाऱ्या सरकारी आरोग्य योजनांचा विषय निघाला की ‘किलकारी’ आणि ‘मोबाईल अकॅडमी’ ही दोन नावं जोडीनंच येतात आणि बोलता बोलता एकमेकांत मिसळून जातात. त्यांची ठेवणही तशीच आहे. दोन्हींचा जन्म बिहारमधला आणि दोन्ही बीबीसी मीडिया ॲक्शन या संस्थेनं घडवलेल्या. केंद्र सरकारनं दोन्ही जानेवारी २०१६ मध्ये एकत्रच देशपातळीवर आणल्या आणि २०१९ मध्ये दोन्हींचं काम मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेकडे आलं. दोन्हींना स्मार्टफोन लागत नाही, साध्या बटणांच्या फोनवर फक्त आवाज ऐकू येतो. तो आवाजसुद्धा एकाच पात्राचा, डॉ. अनितांचा. विषयही तेच: गरोदरपण, बाळंतपण, अंगावरचं दूध, लसी, पाळणा लांबवणं.

फरक एका प्रश्नानं सुटतो. फोन कोण लावतं? किलकारीत यंत्रणा आईला फोन लावते. अकॅडमीत आशाताई यंत्रणेला फोन लावतात. ऐकायला ही बारीकशी गोष्ट वाटते, पण बाकीचं बहुतेक सगळं तिथूनच ठरतं.

आधी किलकारी. गरोदर बाईची नोंद झाली की तिचा मोबाईल नंबर आणि पाळीची तारीख सरकारी नोंदणीत जाते. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला एक फोन सुरू होतो आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत येत राहतो. असे एकूण ७२ संदेश. प्रत्येक संदेश जेमतेम एकदोन मिनिटांचा आणि त्या त्या आठवड्याला साजेसा: आता लोहाच्या गोळ्या, आता दवाखान्यात न्यायच्या गाडीची सोय, आता चीक दूध फेकू नका, आता गोवराची लस. आईला काही दाबायचं नसतं, काही विचारायचं नसतं. बिहारमध्ये सुरुवातीला यासाठी आठवड्याला एक रुपया मोजावा लागे. देशपातळीवर आल्यावर सरकारनं तो फुकट केला. हे योग्यच झालं, कारण ज्या बाईला या फोनची सगळ्यात जास्त गरज तिच्याच हातात तो रुपया नसतो.

अडचण पुढे आहे. फोन घरात असतो, पण बाईच्या हातात असतोच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका देशात ५४ टक्क्यांच्या आसपास निघाल्या. म्हणजे कित्येक घरांत नोंदवलेला नंबर नवऱ्याचा असतो. नवरा रानात किंवा कामावर, फोन त्याच्या खिशात. त्यातच गरिबाघरी सिमकार्ड बदलतं, रिचार्ज संपतो, माहेरी गेलेल्या बाईचा नंबर सासरी राहतो. त्यामुळे किलकारीचा खरा झगडा आवाजाच्या दर्जाशी नसतो, तो असतो नंबरशी आणि फोन हातात असण्याशी. फोन उचलला गेला नाही तर यंत्रणा पुन्हा प्रयत्न करते. बरेच आठवडे कुणी ऐकलंच नाही तर त्या नंबरवर फोन जाणं थांबतं आणि ती आई गुपचूप यादीतून गळते. मला या योजनेत सगळ्यात जास्त काळजी या गळतीची वाटते.

अकॅडमी हे वेगळंच काम आहे. तो आशाताईंसाठीचा अभ्यासक्रम आहे: साधारण ४ तासांचा, ११ प्रकरणांचा, प्रत्येक प्रकरणात ४ धडे आणि शेवटी प्रश्न. उत्तर बटण दाबून द्यायचं. आवश्यक गुण मिळाले तर प्रमाणपत्र. आशाताईंना फोनचा खर्च येत नाही. मधेच लाइन तुटली, चूल पेटवायची वेळ झाली किंवा कुणी बोलवायला आलं तरी बिघडत नाही. पुढच्या वेळी फोन लावला की जिथं थांबलं तिथून धडा सुरू होतो. गावातल्या बाईच्या दिवसाचे कसे तुकडे पडलेले असतात हे ज्यांनी ओळखलं त्यांनीच ही सोय केली असणार.

शिकवण्याचा मजकूरही किलकारीहून निराळा. आईला सांगायचं असतं, ‘सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या.’ आशाताईंना शिकवायचं असतं ते हेच वाक्य सासूबाईंच्या समोर कसं बोलायचं, त्या ‘आम्ही घुटी देऊनच पोरं वाढवली’ म्हणाल्या तर वाद न घालता पुढे कसं जायचं. म्हणून अकॅडमीत माहितीच्या उजळणीबरोबर बोलण्याची रीत शिकवण्यावरही भर आहे.

पण कानानं शिकता येतं ते कानापुरतंच, आणि याचा सर्वोत्तम दाखला आपल्याच गडचिरोलीत आहे. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ताप मोजणं, श्वास मोजणं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक दिवशी जातात (दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ६ भेटी, घरी झालं असेल तर ७) त्या पद्धतीची मुळं तिथं आहेत. ते शिक्षण हाताला हात लावून झालं. बाळाची छाती आत ओढली जाते ती कशी दिसते हे डॉ. अनिता फोनवर दाखवू शकत नाहीत. म्हणून अकॅडमी उजळणीसाठी उत्तम आहे, पण ‘फोनवर कोर्स झाला, आता प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे दिवस कमी करू’ असा सूर कुठं निघाला तर त्याला ठाम विरोधच करायला हवा.

दोन्हींची गल्लत झाली की पुराव्याचीही गल्लत होते. मध्य प्रदेशच्या ४ जिल्ह्यांत सुमारे ५ हजार बायकांना घेऊन किलकारीची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. निम्म्यांना फोन गेले, निम्म्यांना नाही. बाळाला वरचं काही न देता केवळ अंगावरचं दूध पाजण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. पाळणा लांबवण्याची आधुनिक साधनं वापरण्यात मात्र फोन आलेला गट थोडा पुढे होता. माझं वाचन असं: पाजण्याचा निर्णय आजीच्या, शेजारणीच्या, रडणाऱ्या बाळाच्या गराड्यात रोज नव्यानं घ्यावा लागतो. तिथं आठवड्याचा एक आवाज अपुरा पडतो, माणूस लागतं. पाळणा लांबवण्याची गोष्ट नवराबायकोतली. फोन नवऱ्याच्या खिशात असणं एरवी अडचणीचं, पण इथं कदाचित उपयोगीच पडलं असेल. काहीही असो, या निकालावरून ‘आशाताईंना फोनवर शिकवून फायदा होत नाही’ असं कुणी म्हणू लागलं तर ते चूक आहे. त्या चाचणीत तपासलं गेलं ते आयांना गेलेल्या फोनांचं काम, आशाताईंचा अभ्यासक्रम नव्हे.

याच घरातलं एक तिसरं भावंडही होतं, बिहारमधली ‘मोबाईल कुंजी’. रिंगेत ओवलेली ४० चित्रांची कार्डं, प्रत्येकावर एक नंबर. आशाताई किंवा अंगणवाडीताई घरी येऊन कार्ड दाखवायच्या, तो नंबर लावायच्या, आणि डॉ. अनिता आई, सासू, नवरा या सगळ्यांशी एकदमच बोलायच्या. फोन ताईंचा, ऐकणारं सगळं घर, आणि शंका विचारायला समोर ओळखीचं माणूस. या तिन्हींत मला हीच कल्पना सगळ्यात आवडते.

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी गरोदर असेल आणि किलकारीचा फोन येत नसेल, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना नोंदीत कोणता नंबर आहे ते विचारा. सिम बदललं असेल तर नवा नंबर लिहून घ्यायला सांगा. आणि जमत असेल तर दिवसभर घरात राहणाऱ्या फोनचाच नंबर द्या.