ट्रेलरच्या डब्यात वायर टाकण्याआधी नवतप्याचा हिशोब करा

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागतो २५ मेच्या आसपास, आणि त्याच आठवड्यात नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, कारण आपण २१ अंश अक्षांशाच्या जरासे वर आहोत आणि सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत तेव्हा तिथवर पोचलेला असतो. बाहेर ४५ डिग्री, आणि उन्हात उभ्या बंद पत्र्याच्या डब्यात, छताला लागून, ६० च्या वर सहज जातं. आता याच डब्याचं कोणाला फिरतं घर करायचंय, पेंच-ताडोब्याकडे न्यायला, कोणाला तर्री-पोह्याची गाडी करायची आहे, आणि वायरिंगचे जे नकाशे नेटवर सापडतात ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी काढलेले असतात. ते इथे जसेच्या तसे उतरवू नका राजेहो.

मुळात घरची वायरिंग आणि डब्यातली वायरिंग यात फरक कुठे पडतो ते बघा. घरी २३० व्होल्ट असतात, म्हणून १०० वॅटच्या वस्तूला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. बॅटरीवर १२ व्होल्ट, म्हणजे त्याच १०० वॅटला ८ अँपिअरच्या वर. आणि वायरमध्ये वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून घरी जी दीड स्क्वेअर एमएमची (हे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, पुढे नुसतं एमएम म्हणतो) वायर मजेत चालते तीच डब्यात कमी पडते.

उदाहरण घेऊ. बॅटरी पुढे, ६० वॅटचा १२ व्होल्टचा फ्रिज मागे, वायरची वाट ६ मीटर. जायचे ६ आणि यायचे ६, म्हणजे तांबं १२ मीटर (हे परतीचं अंतर बरेच जण धरतच नाहीत). दीड एमएमच्या वायरचा रोध होतो साधारण ०.१४ ओहम, करंट ५ अँपिअर, तर वाटेतच जवळपास ०.७ व्होल्ट गेले. हा आकडा २० डिग्रीच्या तांब्याचा आहे. तांब्याचा रोध दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो, ६० डिग्रीला १५-१६ टक्के जास्त, म्हणजे आता ०.८ व्होल्ट. बॅटरी थोडी उतरलेली असली आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायला क्षणभर जास्त करंट मागतो म्हटलं की फ्रिज लो व्होल्टेज समजून बंद पडतो, आणि लोकं शिव्या देतात फ्रिजला. तिथे ४ एमएम टाका, तेवढ्याच करंटला पाव व्होल्टच्या आसपास जातो, विषय संपला.

गरमीचा दुसरा मार इन्सुलेशनवर. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० डिग्री. वायर किती अँपिअर झेलेल याची बरीच टेबलं भोवताली ३० डिग्री धरून केलेली असतात, म्हणजे करंटमुळे तापायला ४० डिग्रीची जागा. भोवती ४५ असेल तर जागा उरते २५, आणि क्षमता येते ७९ टक्क्यांवर. ६० असेल तर जागा फक्त १० डिग्री आणि क्षमता थेट निम्मी! म्हणून छताच्या पत्र्याला चिकटवून वायर नेऊच नका, खालून, सावलीच्या बाजूने न्या, इन्सुलेशन शीटच्या आतल्या बाजूला, आणि जाडी एक पायरी वरची घ्या.

इन्व्हर्टरवर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा डबा) १००० वॅटची किटली लावायची म्हणत असाल तर बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास ओढला जातो. तिथे ३५ एमएमची केबल घ्या आणि इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभराच्या आतच ठेवा. आणि थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) नीट दाबलेली पाहिजे, हातोडीने ठोकलेली नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेली. एका ढिल्या जोडात १० मिलिओहम रोध आला तरी ९० अँपिअरला तिथे ८१ वॅट उष्णता तयार होते, आणि साधी सोल्डरिंग आयर्न असते २५ वॅटची. मोठे लोड असतील तर सरळ २४ व्होल्टची सिस्टिम करा, करंट अर्धा आणि त्याच वायरमधला तोटा पाव.

आता फ्यूज, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, म्हणून तो वायरच्या क्षमतेवरून ठरतो आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत बसतो. फ्यूजच्या आधी जेवढी वायर आहे तेवढी संरक्षणाशिवाय आहे समजा, रस्त्याच्या हादऱ्याने ती पत्र्याला घासली की मधे थांबवणारं काही नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्टला हजाराच्या वर अँपिअर वाहू शकतात. आणि घरच्या एसी एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे भरवसा ठेवू नका. घरचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पेटलेली ठिणगी आपोआप विझायला मदत होते, बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणत राहते आणि आतले कॉन्टॅक्ट वितळतात. फ्यूज असो की ब्रेकर, डीसी रेटिंग आणि तुमच्या सिस्टिमचा व्होल्टेज त्यावर छापलेला पाहिजे.

किती वीज लागेल ते कागदावर मांडल्याशिवाय बॅटरी घेऊ नका. दिवे १०० वॅट-तास, फ्रिज उन्हाळ्यात ७०० च्या आसपास, २८ वॅटचा पंखा १२ तास म्हणजे ३३६, मोबाईल-लॅपटॉप १५०. झाले जवळपास १३००. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत असतात १२८० आणि ती रोज तळापर्यंत उपसायची नसते, म्हणजे २०० चीच लागणार. एअर कंडिशनर (एसी) लावायचा विचार करणाऱ्यांना मी मनापासून सांगतो, मे महिन्यात कूलर लावा. ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असली की ओल्या ताटीतून हवा २८ डिग्रीपर्यंत खाली येऊ शकते, आणि १२ व्होल्टचा छोटा कूलर ६० वॅटमध्ये हे काम करतो, एसीला १००० च्या आसपास लागतात. फक्त पलीकडची खिडकी उघडी पाहिजे. जुलैत हवा दमट झाली की मात्र कूलर निकामी, तेव्हा पंखाच.

सोलर पॅनलचे वॅट २५ डिग्रीच्या सेलवर मोजलेले असतात. आपल्या छतावर सेल ७० ला पोचतो आणि दर डिग्रीला ०.३५ ते ०.४ टक्के जातात, म्हणजे ४०० वॅटचं पॅनल ३३० च्या आसपास देतं. छत आणि पॅनलमध्ये चार बोटं तरी फट ठेवा, खालून हवा खेळली की सेल थंड राहतो आणि खालचा पत्राही सावलीत येतो. डिसेंबरात उलटं, थंड सकाळी पॅनलचा व्होल्टेज वाढतो, म्हणून चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरी चार्ज करणारा डबा) घेताना त्याच्या कमाल व्होल्टेजमध्ये थोडी जागा सोडा. बॅटरी मात्र खाली, आतल्या बाजूला, सावलीत. बऱ्याच लिथियम बॅटऱ्या ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायच्या नसतात, आणि मे महिन्यात ती मर्यादा आपली हवाच गाठते.

२३० व्होल्टची बाजू वेगळ्या पाईपातून न्या, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लावाच, कारण डब्बा पूर्ण धातूचा आहे, एक वायर सोलली की अख्ख्या डब्यात करंट. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि डब्याची बॉडी जोडलेले नसतील तर ती आरसीसीबी पडणारच नाही, हे जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वायर नेहमी बारीक तारांची लवचिक, एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते. पत्र्यातून जाईल तिथे भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी रिंग). आणि गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते, ते आधीच बघून घ्या.

प्लायवूड ठोकायच्या आधी एक दिवस द्या. दुपारी २ वाजता डब्बा उन्हात उभा करून सगळे लोड एकदम चालू करा, अर्धा तास जाऊ द्या, मग मल्टिमीटरने बॅटरीवर आणि प्रत्येक टोकाला व्होल्टेज मोजा. फरक ३ टक्क्यांच्या वर, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ०.३६ व्होल्टच्या वर गेला तर ती वायर बदला. मग सगळं बंद करून, बॅटरी सोडवून प्रत्येक थिंबलजवळ हात नेऊन बघा, जी शेजारच्यापेक्षा गरम लागेल ती कापून नव्याने दाबा. हे सगळं जमलं की प्लाय लावा, स्क्रूने, गोंदाने नाही.