चेहऱ्यावरचा हात कुणाचा?

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला पाटावर बसवतात. सुवासिनी आंब्याच्या पानांनी हळद लावतात, मग वहिन्या, करवल्या, मित्र तुटून पडतात आणि उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे जाते. भर मांडवात उघड्या अंगाने बसून एक पुरुष चेहऱ्याला, मानेला, हातापायांना लेप लावून घेतो आणि त्याला कुणी बायकी म्हणत नाही. तोच मुलगा दोन महिन्यांनी मेडिकलमध्ये चेहऱ्याचं क्रीम मागताना आवाज खाली आणतो, शेजारी ओळखीचं कुणी उभं असेल तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत येतो.

हे असं का होतं, याचं उत्तर क्रीममध्ये सापडत नाही. मराठी पुरुषाच्या अंगाची निगा आजवर कुणी राखली, हे पाहत गेलं की ते सापडतं. निगा जुनीच आहे. ती स्वतःच्या हाताने, स्वतःसाठी करणं हे नवं आहे.

जुन्या ग्रंथांना पुरुषाच्या नटण्याचं वावडं नव्हतं. वात्स्यायनाच्या कामसूत्रात शहरी रसिकाचं वेळापत्रकच दिलं आहे: रोज स्नान, दर दुसऱ्या दिवशी अंग मर्दन, तिसऱ्या दिवशी फेस येणारं द्रव्य लावून आंघोळ, चौथ्या दिवशी दाढी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातली दिनचर्या रोज अभ्यंग करायला सांगते आणि डोकं, कान, तळपाय यांना तेल विशेष लावावं असं बजावते. कारण म्हणून म्हातारपण, थकवा आणि वात यांवरचा उपाय, असं सांगितलं आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या मानसोल्लासात राजाच्या स्नानाला आणि विलेपनाला स्वतंत्र प्रकरणं आहेत. पण ही वर्णनं दरबाराची आणि हवेलीची आहेत. तिथेही तेल जिरवणारे हात राजाचे नव्हते.

गावगाड्यात हे हात न्हाव्याचे. धोकटी काखेला मारून तो घरोघरी जायचा. धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, नखं काढायची नराणी, वस्तरा परजायचा चामडी पट्टा, पाण्याची वाटी आणि एक छोटा आरसा. गिऱ्हाईक ओसरीवर किंवा झाडाखाली बसायचं. दाढी, डोकं, बगला, नखं, शेवटी डोक्याला चार थापा आणि मानेला मालिश, एवढं सगळं त्या एका बैठकीत व्हायचं. मोबदला रोख नसे. सुगीला खळ्यावरून बलुतं मिळायचं. संत सेना महाराजांनी याच धोकटीतून आपला अभंग उभा केला: आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा, नखं म्हणून कापायची ती काम आणि क्रोधाची. ज्या कामाला गाव हलकं मानत होतं, त्यातली एकेक वस्तू त्यांनी पंढरीच्या वाटेवर नेली.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. न्हाव्याचा हात प्रत्येक चेहऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की साताऱ्यात भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. गावात न्हावी नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही. अस्पृश्याची हजामत करायला एकही न्हावी तयार नव्हता. दुसरीकडे विधवेच्या डोक्यावरून हाच वस्तरा जबरीने फिरवला जात होता. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ही घटना स्त्रीसुधारणेच्या इतिहासात सांगितली जाते आणि ते रास्तच आहे. पण आपला हात कुणाच्या डोक्यावर चालेल हे कारागिरांनी स्वतः ठरवल्याची गोष्ट म्हणूनही ती वाचायला हवी.

न्हाव्याखेरीज दुसरे हात घरातले. नरकचतुर्दशीला पहाटे आई मुलांना पाटावर बसवून तेल चोळते, उटणं लावते. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावते. उटण्यात चंदन, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा. आज जे घटक वेष्टनावर ठळक छापून विकले जातात, त्यांतले निम्मे यातच होते. वर्षातून एकदा का होईना, पुरुषाच्या कातडीला ते लागायचे. पंढरपुरात तर चैत्रापासून उन्हाळाभर विठ्ठलाच्या अंगाला चंदनाची उटी लावतात.

आणि तिसरे हात तालमीतले. कोल्हापूरच्या तालमींतली लाल माती नुसती माती नसते. चाळून घेतलेल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळतात, ती फुलवतात, ओलसर ठेवतात. पैलवान एकमेकांना मालिश करतात, माती अंगावर घेतात, वाळली की खरवडून काढतात. कातडी निरोगी राहावी, खरचटलं तर पिकू नये, हा हेतू सगळे उघड बोलतात. त्याला कुणी सौंदर्यप्रसाधन म्हणून बघावं, हसू येईल. पण दुसरं काय आहे ते?

तर लग्नात विधी, दिवाळीत सण, तालमीत ताकद, वैद्याकडे औषध. या चार नावांखाली पुरुषाला सगळं माफ होतं. एकच नाव चालत नव्हतं: चांगलं दिसावं म्हणून. मराठी रंगभूमीने तर त्यावरही वाट काढली होती. बालगंधर्व रंगपटात बसून स्त्रीचा चेहरा चढवत आणि अख्खा महाराष्ट्र त्या रूपावर भाळला. घरोघरी बायकांनी त्यांच्यासारखं नेसून पाहिलं. तिथेही अट होतीच. रंग रात्री उतरला पाहिजे.

मोठा बदल आणला तो पात्याने. किंग जिलेट याला सुरक्षित रेझरचं अमेरिकी पेटंट 1904 साली मिळालं. फेकून देता येणारं पातळ पातं सावकाश आपल्याकडेही आलं आणि कचेरीत रोज गुळगुळीत चेहऱ्याने जाणारा बाबू स्वतःची दाढी स्वतः करू लागला. पुरुषाने एकट्याने आरशासमोर उभं राहून स्वतःच्या चेहऱ्याकडे रोज दहा मिनिटं पाहण्याची ही सुरुवात. त्याच सुमाराला शेंडी आणि घेरा जाऊन आखूड कापलेल्या केसांचा क्रॉप आला, त्यावरून घराघरांत भांडणं झाली.

या दहा मिनिटांत काय शिकवलं गेलं? फार थोडं. बापाने मुलाला दाखवलं ते ब्रश फिरवणं, पातं न लागू देणं आणि शेवटी तुरटीचा खडा. तुरटी चुरचुरते, कातडी आकसते, रक्त थांबतं. उपाय स्वस्त आणि खरा आहे. पण दाढी ओल्या, मऊ केसांवर करावी, केस वाढतात त्या दिशेने पातं फिरवावं, उलटं खरवडलं तर केस कातडीत वळून पुळ्या येतात, हे क्वचितच कुणी सांगितलं. बाकी अंगाला आणि चेहऱ्याला एकच लाल साबण. साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. रोज घासून तोंड कोरडं पडलं की त्याला ‘स्वच्छ वाटतंय’ म्हणायची आपल्याला सवय लागली.

बाजाराने या काळात पुरुषाला केस आणि दाढी एवढाच मुलूख दिला. जाहिरातींत केसांच्या क्रीमसाठी क्रिकेटपटू फारुख इंजिनियर, दाढीच्या क्रीमसाठी कपिल देव. मैदान गाजवणाऱ्याने लावलं म्हणजे ते मर्दानीच. गाल, कपाळ, मान हा प्रदेश मात्र बायकांचा. 1919 पासून मुंबईत बनणारं ‘अफगाण स्नो’ असो की नंतरची क्रीमं, बाटल्यांवर चेहरा बाईचाच. पुरुषाने लावायचं ते औषध म्हणून. पुण्याचं कैलास जीवन घराघरांत याच वाटेने शिरलं: भाजलं, चिरलं, टाच फुटली, उन्हाने तोंड आलं, सगळ्याला तेच. केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 साली मुंबईत सुरू केलेल्या विकोने 1975 मध्ये हळदीचं क्रीम आणलं, तेव्हा ते औषध की प्रसाधन यावरून अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खटला कराचा होता, पण तो प्रश्न प्रत्येक मराठी घरातल्या पुरुषाचाही होता. कंपनीचं म्हणणं टिकलं: औषध.

1975 हेच साल फेअर अँड लव्हलीचंही. गोरेपणाचं ते क्रीम पुरुषही गुपचूप वापरत होते, हे कंपन्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. 2005 साली इमामीने फेअर अँड हँडसम आणलं, पुढे शाहरुख खान त्याच्या जाहिरातीत आला. ‘बायकांचं क्रीम चोरून लावू नका, पुरुषांचं वेगळं घ्या’ असा जाहिरातींचा रोख होता. मला या टप्प्याचा राग येतो. शतकानुशतकं दुसऱ्यांच्या हाताने सांभाळलेला चेहरा पुरुषाने पहिल्यांदा उघडपणे स्वतःच्या हातात घेतला आणि त्याच क्षणी त्याला सांगण्यात आलं की या चेहऱ्याचा रंगच चुकला आहे. शेतात, बांधकामावर, रिक्षावर रापलेला चेहरा आपल्याकडे कष्टाची खूण होता. लग्नाच्या बाजारात मुलीचं माप काढणारी काळी-गोरी फूटपट्टी आता मुलालाही लागली. जाहिरात नियामक परिषदेने 2014 मध्ये सावळ्या माणसाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध घातले, 2020 मध्ये ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. डब्यावरचा शब्द बदलणं सोपं असतं.

खरं नुकसान त्या डब्यांपेक्षा मेडिकलच्या काउंटरवरून विकल्या गेलेल्या छोट्या ट्यूबांनी केलं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडं; काही ट्यूबांत त्यांच्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही डाग फिके करणारी औषधं. इसब, सोरायसिस, वांग यांसाठी डॉक्टरने मोजून, मुदतीपुरती द्यायची ही औषधं. चेहऱ्यावर लावली की आठवड्यात कांती उजळते, पुटकुळी बसते. मग कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतं, आणि ट्यूब थांबवली की आग होते, म्हणून माणूस ती परत लावतो. जांघेतल्या नायट्यावर तीच लावली तर खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं ओरड केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. माझ्या ओळखीतल्या तीन तरुणांनी तरी त्यानंतरही ती चिठ्ठीशिवाय घेतली आहेत. तिघांनाही कुणाला तरी विचारायची लाज वाटत होती. ही लाज इथे थेट कातडीवर उमटते, म्हणून मी इतक्या मागे जाऊन तिचा उगम शोधतो आहे.

त्यानंतरचा काळ दाढीचा. 2015च्या आसपास दाढीचं तेल, दाढीचा साबण, दाढीचा कंगवा विकणाऱ्या देशी कंपन्या एकामागून एक निघाल्या. मुंबईच्या मॅरिकोने त्यांतली बिअर्डो 2017 पासून टप्प्याटप्प्याने विकत घेतली. महाराष्ट्रात या लाटेला आपलं वेगळं वळण मिळालं. कोरलेली टोकदार दाढी आणि कपाळावर चंद्रकोर लावून तरुण शिवजयंतीच्या मिरवणुकीत आले आणि मग तसेच कॉलेजात, कामावर जाऊ लागले. दाढीमुळे तेल लावणं मर्दानी झालं, तेलाच्या मागोमाग फेसवॉश आला, त्याच्या मागोमाग सनस्क्रीन. पुण्यात चौघांत घेतलेल्या खोलीच्या न्हाणीघरात आता सनस्क्रीनची ट्यूब उघड्यावर असते आणि ती कुणी कुणाची वापरली यावरून भांडण होतं. मला ते भांडण फार आवडतं.

या साऱ्यात न्हावी कुठे गेला? कुठेच नाही. धोकटी गेली, केशकर्तनालय आलं, मग सलून. एड्सविषयी जागृती झाली तशी नवं पातं मोडून वस्त्र्यात बसवण्याची सवय रुजली. जून 2020 मध्ये राज्यातली सलून तीन महिन्यांनी उघडली तेव्हा केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला नाही. चेहऱ्याला हात लावणं हीच जोखीम होती. आज तालुक्याच्या गावी दरफलकावर कटिंग-दाढीच्या खाली फेशियल आणि डी-टॅन लिहिलेलं असतं, आणि लग्नसराईत नवरदेव हळदीआधी तिथे तास-तास बसतात. कोणत्याही डॉक्टरपेक्षा जास्त पुरुषांचे चेहरे हा माणूस रोज जवळून बघतो. नायटा, कोंडा, पिकलेली पुळी, रंग बदललेला तीळ त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्वचेचं शास्त्र त्याला मात्र कुणी नीट शिकवलं नाही. विक्रेत्यांनी डब्यांसोबत जेवढं सांगितलं, तेवढंच.

गेल्या वर्षी केस कापता कापता आमच्या सलूनवाल्या दादांची कातर थांबली. त्यांनी मागे छोटा आरसा धरला आणि मानेच्या वर रुपयाएवढी गुळगुळीत जागा दाखवली. चाई. मला तिचा पत्ताच नव्हता. “कातडीच्या डॉक्टरला दाखवा,” ते म्हणाले, “आणि मेडिकलवाल्याने दिलेलं काही लावू नका.”