सॅमसंगने ॲपलला चिल्लर मोजली नव्हती

‘पेटंटचा खटला हरल्यावर सॅमसंगने ॲपलचा दंड पाच सेंटच्या नाण्यांत, ३० ट्रक भरून चुकवला’ हा मेसेज २०१२पासून फिरतोय. मुळात ती मेक्सिकोतल्या एका विनोदी संकेतस्थळाने केलेली थट्टा. हिशेबच करा. भरपाई (दंड नव्हे) सुमारे १.०५ अब्ज डॉलर, म्हणजे २१ अब्ज नाणी. एक नाणं ५ ग्रॅमचं, एकूण वजन १ लाख ५ हजार टन. ट्रकमागे साडेतीन हजार टन! टायर सोडा, रस्ताच खचेल.

शिवाय ऑगस्ट २०१२मध्ये आला तो फक्त ज्यूरीचा कौल. मार्च २०१३मध्ये न्यायाधीश लूसी को यांनी त्यातले सुमारे ४५ कोटी वगळून फेरसुनावणी लावली. ५४.८ कोटी डॉलर द्यायला सॅमसंग तयार झाली ती थेट डिसेंबर २०१५मध्ये. वाद मिटला जून २०१८मध्ये, तडजोडीने.